जोडसायकल

काजूपाड्याच्या गफूरने दोन जुन्या सायकली कापून
एक लांबडी सायकल जोडून दिली.
वर म्हणाला, "वळताना ही एसटी आहे असं समजा."
हँडल माझ्याकडे, घंटी मागे फिलूकडे.
घंटी तिने मागूनच घेतली.
"दिसत नाही म्हणून काय नुसती बसून राहू?"

फिलोमिना तुस्कानो. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला
कानांवर हेडफोन चढवून
या गावाला त्या गावाशी जोडत होती.
मी बाहेर, खांबावर, पावसात तारा सांधत.
आता ते एक्स्चेंजही नाही, खांबही नाहीत.

रविवारी साडेसहाला उद्यानाचं फाटक.
तिकीटवाला दर वेळी विचारतो, एक सायकल धरू की दोन?
दर वेळी फिलूचं उत्तर,
"सायकल एक, माणसं दीड.
अर्धं कोण ते तू ठरव."

कान्हेरीचा चढ आम्ही घेत नाही.
तो "काका, साइड" ओरडत जाणाऱ्या पोरांचा.
माझ्या गुडघ्यांचं झाडीतल्या सपाट रस्त्याशी जमतं.
मी सांगत जातो, जमेल तसं:
डावीकडे साग, सगळा गळलेला.
उजवीकडे करंज. माकडं, चार, एक पोटाशी पिल्लू घेऊन.
कुसुमाला पालवी फुटलीय, लाल.
"लाल म्हणजे?"
मी अडकतो. हँडलही थोडं अडकतं.
"चहाचा पहिला घोट. जीभ पोळते तो."
"हं. चल पुढे."

मग तिची पाळी.
"मोह आला," ती म्हणते, मला काही दिसण्याआधी,
आणि खरंच, पुढच्या वळणावर मातीत फिकट मणी सांडलेले,
एक बाई टोपली घेऊन वेचत असते.
"सावली संपली." संपलेली असते.
"आता गतिरोधक. बूड उचल."

सपाट रस्ता किती बरा, मी एकदा म्हणालो.
"सपाट तुझ्या डोळ्यांना. पायांना विचारलंस?
फाटकापासून आपण चढतोय, सुताएवढं.
परतताना बघ, पेडल हलकं होतं.
नदी काय उगाच तिकडे जाते?"

पुलावर थांबून तिने खडा टाकला.
डुबुक.
"गुडघाभर," ती म्हणाली.
मी वाकून पाहिलं. तळातले गोटे मोजता येत होते.

मग हायवेखालून बाहेर, नदीच्या भिंतीला धरून
तबेले, धोबीघाट, दौलतनगर.
मी म्हणालो, इथेही छान आहे, संथ. बगळे आहेत.
दोन पेडलं ती गप्प.
"नाक आहे मला.
अरे, लोक फोनवर म्हणायचे, इकडे सगळं ठीक,
आणि मला आवाजावरून कळायचं, घरात कुणी गेलंय.
मी काय करणार, लाइन जोडून द्यायचे.
पण तू माझा गिऱ्हाईक नाहीस."

तेव्हा मग सांगितलं.
पाणी काळं. वर शेणाची साय.
एक चप्पल, डाव्या पायाची. अर्धं मखर, थर्माकोलचं.
कठड्यावर वाळताहेत हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी,
एकीवर डाग, न गेलेला.
"आणि बगळा?"
बगळा खरा.
"एका पायावर?"
एका पायावर.

तिने दुसरा खडा टाकला.
आवाज आला नाही. आम्ही बराच वेळ ऐकत राहिलो,
फोन उचलायला कुणी आत गेलं असावं तसे.
मग तिने घंटी वाजवली, समोर कुणी नसताना.
"चल, आयसी कॉलनीत पाव संपतील."

रस्ता रिकामा होता.
मी डोळे मिटले. दोनच फेरे पेडलचे,
खरंच हलकं होतं, सुताएवढं.
"मिटलेस ना?" मागून आवाज.
"हँडल हललं."