म्हशीचं खाचर

तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक चार आली
तेव्हा डॉक्टर गोडांबे
(आडनाव खरंच तेच, मी विनोद करत नाही)
एक छापील कागद देऊन म्हणाल्या, फ्रिजवर लावा.
भात बंद. रोज आठ हजार पावलं.
एकेक घास बत्तीस वेळा.
रात्रीचं जेवण सातच्या आत.

सातला मी तुर्भ्याच्या गाळ्यात
वेलचीच्या पोत्यांची बिलं करत असतो.
तरी लावला कागद.
चुंबक घरात एकच निघालं,
पिझ्झाच्या दुकानाचं.

मग एका बुधवारी रस्ता खणला, गॅस गेला,
आणि मी पावलं मोजत मोजत
सीवूड्सच्या झगझगाटातून करावे गावात शिरलो.
जाळी वाळत घातलेली गल्ली,
मोबाइल दुरुस्तीच्या टपरीला लागून पत्र्याची शेड,
चार टेबलं, पाटीवर नुसतंच 'जेवण',
चुलीपाशी ठमाबाई मढवी.

मी विचारलं, भाकरी नाचणीची मिळेल का?
मला शुगर आहे.
ती म्हणाली, "मना नाय,"
आणि तांदळाची वाढली.
पांढरीशुभ्र, पापुद्रा फुगलेला,
बोट लावलं तर वाफ चावेल अशी.
सोबत निवट्यांचं कालवण, शेवग्याची शेंग घातलेला जवळा.

समोर आमच्याच बिल्डिंगचा वॉचमन, रामधनी.
चार वर्षं तो मला गेट उघडतोय
आणि मी मान हलवतोय.
त्याने न बोलता लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.
मी सव्विसाव्या चावण्यावर होतो.
ठमाबाई लांबूनच ओरडली,
"काय रं, तोंडान काय मोजतंस? गिल की!"

कुणी विचारलंच तर मी एवढं सांगतो:
बुधवारी किंवा शुक्रवारी जा. सुट्टे पैसे न्या.
साडेसातनंतर कोलंबी उरत नाही.
निवट्यांकडे आधी बघू नका, आधी खा.
आणि तब्येतीबद्दल तिला काही विचारू नका.

पार्सलं बांधताना ती नातवाला पत्ते सांगते.
"ही बिरड्याची बांधावं दे. दोन कोलंबी पानथलीत.
ही उंबराखाली, मास्तरनीला, तिखट कमी."
हर्षल मनातल्या मनात भाषांतर करतो.
बांध म्हणजे सेक्टर शेहेचाळीस,
पानथळ म्हणजे मॉलची मागची बाजू,
उंबर आता नाही, तिथे एटीएम आहे.

मी म्हटलं, मी सिद्धिकिरणमध्ये राहतो, बी विंग.
तिला कळेना.
रामधनीने हातानेच दिशा दाखवली.
"हां," ती म्हणाली, "म्हंजी म्हशीचा खाचर.
आमची म्हस रुतली व्हती तिथं.
बारा मानसं लागली काराला."
आणि तव्यावरची भाकरी उलटली.
पुढे काही सांगेल म्हणून मी थांबलो.
तिने फक्त विचारलं, कालवण आणखी हवं का.

आमच्या तळघरात, पार्किंग एक्केचाळीसखाली,
दर वर्षी ओल येते.
सोसायटीने तीनदा वॉटरप्रूफिंग केलं,
दोन कंत्राटदार बदलले, एकावर नोटीस काढली.
त्या रात्री गाडीपाशी उभा राहून
मी जमिनीकडे जरा वेळ बघत राहिलो.
लादीवर पाय दाबून पाहिला.
रामधनी गेटवरून बघत होता. काही म्हणाला नाही.

परवाचा रिपोर्ट सहा पूर्णांक तीन.
डॉक्टर खूश. भात सोडलात ना?
मी म्हटलं, हो, भात सोडला.
कुठली भाकरी ते त्यांनी विचारलं नाही.

काल पाय मुरगळला, म्हणून फोन केला.
हर्षल, एक जवळा, दोन भाकऱ्या.
कुठे आणू, काका?
सेक्टर तोंडावर आला होता, विंग, फ्लॅट, लँडमार्क, सगळं.
म्हटलं, म्हशीच्या खाचरात,
सातव्या मजल्यावर.
तो हसलाबिसला नाही.
"आलो," म्हणाला,
आणि दहा मिनिटांत आला.