एका टोकाची रेघ

इंगवले पाण्याच्या चाव्या फिरवतात,
पाणीगेट ते वाडी, एकतीस वर्षं.
त्यांच्या वहीत अक्षर फारसं नाही.
वाटोळं म्हणजे चावी. त्यात फुली म्हणजे गंजून बसलेली.
शेजारी टिंब असेल तर सव्वा फेराच द्यायचा,
जास्त दिलात तर
दलालांच्या तळघरात पाणी.

दांडिया बाजारच्या कचेरीत
पंखा एक, खुर्च्या दीड.
आठवडाभर मी विचारत बसले :
चावीला किती नळ लागतात?
टाकीला थेट टाकी जोडली तर?
ते हसले. "बेन, टाकीला टाकी कोण जोडेल?"
मी लिहिलं : टाकीला टाकी नाही.

एडिटर मी घडवत नाही.
काय आहे आणि कशाला काय चालतं,
तेवढं नेमकं मांडते, मग आज्ञा देते.
अकरा सेकंद.
पडद्याच्या डाव्या कडेला त्यांची वही उभी राहते :
वाटोळं, फुलीचं वाटोळं, टिंब, टाकी, घर.
ओढा, सोडा, जोडा.
न चालणारं जोडलंत तर रेघ
लाजाळूच्या पानासारखी मिटते.
यातलं काहीच मी हातानं लिहिलेलं नाही,
हे सांगताना मला दरवेळी जरा मिरवावंसं वाटतं.

इंगवले एका बोटानं शहर मांडत गेले.
चांपानेर दरवाज्यापाशी त्यांनी रेघ ओढली
आणि मोकळ्या जागेत बोट उचललं.
रेघ मिटली.
पुन्हा ओढली. पुन्हा मिटली.
"ही राहत का नाही ने?"
"काका, दुसरं टोक?"
"ते कुणाला माहीत? संस्थानाच्या वेळचा नळ हा.
इथं खाली उतरतो, पुढं कुणी पाहिला नाही.
पण पाणी जातं.
रात्री अडीचला कान लावा, ऐकू येतं."

प्रत्येक रेघेला दोन टोकं.
हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं,
त्यांना न विचारता.

म्हटलं, तिथं एक खोटी टाकी ठेवू या का?
ते काही बोलले नाहीत.
वही माझ्याकडे सरकवली :
रेघ जिथं संपत होती तिथं
पेन्सिलीनं काढलेला
एक लहानसा कान.

मी परत व्याकरणाकडे गेले.
रेघेचा शेवट : चावी, टाकी, घर,
किंवा कान.
अकरा सेकंद.
पट्टीत सगळ्यात खाली तो आला,
जरा वाकडा, त्यांच्याच हातचा.

रेघ राहिली.

मग ते थांबेचनात.
फत्तेपुऱ्यात दोन, मांडवीखाली एक,
न्यायमंदिरामागे तीन ओळीनं.
मी मोजत होते.
सतरावा कान त्यांनी ठेवला
बरोबर या कचेरीखाली,
माझ्या खुर्चीच्या जरा डावीकडे.

मी उठले
आणि पंखा बंद केला.