एकाच बास्केटमधले दोन दात

खैरनारांवर मेमो निघाला मंगळवारी:
'भट्टी क्रमांक तीन. कार्बन जास्त. दात मऊ.'
त्यांनी तो घडी करून डब्याच्या झाकणात ठेवला
आणि दुसऱ्या पाळीला आले, नेहमीसारखे,
स्वेटरवर स्वेटर.
निफाडला पारा पाचावर,
सातपूरच्या शेडमध्ये भट्टीसमोर वैशाख.

माझ्याकडे दोन दात आले, पिनियनचे.
एकाच रात्रीचे,
नऊशे तीस अंशांवर सात तास एकाच वायूत राहिलेले,
एकाच तेलात बुडालेले.
बेकलाइटमध्ये बसवले, पेपरवर घासले,
मग मखमलीवर,
माझा चेहरा त्यांत दिसेपर्यंत.
नायटलचा एक थेंब, आणि चेहरा गेला.

आरसा धुरकटला की पोलाद बोलायला लागतं.

पहिल्या दातात सुया. तपकिरी, बारीक, दाट.
मार्टेन्साइट: दचकून जागीच थिजलेलं.
हे मँगेनीज-क्रोमियमचं काम,
परलाइटला उंबऱ्यावर थोपवून धरतात
तेल आतवर पोचेपर्यंत.
कडेला केसाएवढी काळी रेघ आहे,
कारण ऑक्सिजनची थोडी जरी झुळूक आली
तरी आधी हीच दोघं जळतात.
चालायचंच. तेवढी चालते.

दुसऱ्यात सुया विरळ, आणि मध्ये मध्ये पांढरं.
पांढरं म्हणजे न बदललेलं,
भट्टीतलं रूप थंडीत येऊनही
तसंच बसून राहिलेलं.
जाळी लावून मोजलं, चौकट चौकट:
अडतीस टक्के.

कार्बननेही होतं हे, मान्य.
पण मग दोन्ही दातांत व्हायला हवं होतं.

निकेल असं करतं.
गाभा चिवट करतं, आणि पृष्ठभागाला सांगतं,
बदलायची काय घाई आहे?
बदल सुरू व्हायचा अंशच खाली ढकलतं,
इतका, की तेलातून बाहेर येतानाही काम अर्धंच.

गायधनी साहेब म्हणाले, एवढी थंडी पडलीय,
रात्रभर बाहेर ठेवा, होईल पुरं.
मी म्हणाले, उणे सत्तर लागतं साहेब,
निफाडने नाही भागायचं.

स्पेक्ट्रोवर ठिणग्या टाकल्या.
एकात निकेल नावापुरतं,
दुसऱ्यात तीन पॉइंट दोन.
अंबडच्या गोदामात कुणीतरी
सळईच्या टोकाला पोपटीऐवजी हिरवा लावला होता.

रिपोर्टात माणसाच्या नावाचा रकाना नसतो.
मी लिहिलं: मटेरियल मिक्स-अप, भट्टी योग्य.

खैरनार चहाच्या वेळी आले.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला,
दुसरा हाताने झाकून.
"हे माझ्या भट्टीतलं?"
हो.
बराच वेळ बघत राहिले.
"द्राक्षावर लव असते ना पांढरी,
बोटाने पुसली तर जाईल असं वाटतं."

मेमोचं काही बोलले नाहीत.
दारात थांबून विचारलं,
"हा तुकडा आता जातो कुठे?"
ड्रॉवरमध्ये, म्हणाले. पाच वर्षं.
माझी नखं नायटलने पिवळी.
"बरं," म्हणाले, आणि डब्याचं झाकण
दोनदा दाबून पाहिलं.