कायम

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता:
घर कायमचं आहे का?

मी पेन उचललं, परत ठेवलं.
अकरा वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात होतो.
दर एकोणतीस दिवसांनी एक दिवसाचा ब्रेक द्यायचे,
म्हणजे माणूस कायम होत नाही.
हा शब्द मी पुष्कळ कागदांवर वाचला,
माझ्या नावापुढे कधी नाही.

"भाड्याचं असलं तरी चालते भाऊ,"
पारमिता म्हणाली,
"फक्त सोडून देऊ नका."
इंदोऱ्यात तिचं झेरॉक्सचं दुकान,
मागच्या खोलीत सात पिंजरे
आणि फिनाईलचा वास.

मांजर तशी मलाच सापडली होती.
एप्रिल लागला होता. जरीपटक्याला एका गच्चीवर
वर्षभर बंद पडलेला कूलर उघडला
तर कोरड्या टाकीत ही आडवी.
मागचा पाय गंजक्या पत्र्यानं फाटलेला,
कान अर्धा,
डोळे तेवढे चालू.
मालक म्हणे, "फेकून दे नं बे, कचऱ्यासंगं."
मी मोटर दुरुस्त केली, तीनशे घेतले,
हिला हत्यारांच्या पिशवीत घातलं
पान्यांवर दुपट्टा टाकून.
रस्ताभर ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग दीड महिना सलाईन, टाके.
पाय वाचला, वाकडा राहिला.
"लोकांना पांढरं पिल्लू पाहिजे असते,
निळ्या डोळ्यांचं.
हिला कोण नेते?"
हे पारमिता मला सांगत नव्हती,
मशीनमध्ये कागद लावत
मशीनलाच सांगत होती.

नाव: दामोदर झिबल नंदनवार.
व्यवसाय: कूलर.
घरी आणखी कोण: इथे मी एक रेघ मारली.

नवतपाचे नऊही दिवस ती पलंगाखाली.
मी वाटी सरकवायचो, तोंड फिरवून बसायचो;
नव्या घरी जेवताना लाज वाटते,
मला वाटायची.
माझा कूलर खडखडतो,
दुसऱ्यांचे करता करता राहून गेलेला.
तो सुरू झाला की ही भिंतीला चिकटायची.
शेवटी बटणच दाबलं नाही.
शेहेचाळीस डिग्री, अंगावर ओला पंचा.
शेजारचा शेंडे खिडकीतून,
"कूलरवाला असून मांजरीपायी उकडून राहिला बे तू!"

दहाव्या रात्री लाईट गेली.
पोटरीला काहीतरी लागलं.
पंचा असेल म्हटलं.
पंचा गार होता, हे गरम,
आणि आतून मोटरसारखं चालू.
मी हललो नाही.
आधी पायाला मुंग्या आल्या,
मग पाय आहे का नाही तेच कळेना.

पारमिता दर महिन्याला फोटो मागते. नियम आहे.
मी पाठवतो:
ही कूलरवर, शेपटी खाली सोडून.
ही तर्रीच्या पातेल्याचा वास घेऊन शिंकताना.
नाव अजून ठेवलं नाही.
"ये गं" म्हटलं तर येते,
मनात असलं तर.

एकोणतिसावा दिवस मी मुद्दाम मोजला होता.
सकाळी उठून आधी पलंगाखाली पाहिलं,
मग ओट्यावर, मग दाराशी.
ती माझ्या चपलेवर झोपली होती.
त्या दिवशी कामाला उशिरा गेलो.

तिसाव्या दिवशी तिनं
वाळ्याची नवी जाळी नखांनी उधडली.
एकशे ऐंशीची.
एका बाजूनं, सावकाश,
माझ्याकडे बघत.