थंड इंजिन

फजरची बांग विरते न विरते तोच
मुसब्बह आला. मुद्दाम इतक्या लवकर.
"गुलरेजनं तापवून ठेवायच्या आत
मला इंजिन थंड बघायचंय," म्हणाला,
आणि तो मला तिथंच आवडला.

अल मदामच्या चौकापलीकडं, लाल वाळूच्या कडेला
आमची पत्र्याची शेड. आत तीन क्वाड:
एक लाल, नव्या रंगाचा वास अजून न गेलेली,
एक करडी, सातशे सीसी, चारही चाकं ओढणारी,
आणि मागं, गोणपाटाखाली,
टाकीला पोचा आलेली एक जुनी.

गुलरेजनं रात्रीच सांगून ठेवलं होतं,
"लाल खपव, बाळगोंडा. दोनशे दिरहम तुझे."

लालच्या मीटरवर दोनशे बारा तास.
मीटर काय, पन्नास दिरहमला बदलून मिळतं.
पण पायदानाचं रबर पार गुळगुळीत,
हजार पर्यटकांच्या चपलांनी घासलेलं.
मी तोंडानं काहीच बोललो नाही.
एक्सलच्या फाटक्या बुटात बोट घातलं
आणि बाहेर काढून त्याच्यापुढं धरलं:
ग्रीस, आणि ग्रीसमध्ये वाळू,
तिळाच्या लाडवासारखी.

करडीचं तेल काढलं तर दुधाच्या चहाचा रंग.
म्हणजे कुठल्यातरी वादीत नाकापर्यंत बुडालेली.
"ही बाई पोहून आलीय," मी म्हटलं.
तो एवढा हसला की
हातावरच्या ससाण्यानं पंख झाडले.

हो, ससाणा. टोपी घातलेला, आंधळा करून शांत ठेवलेला.
गाडी घ्यायला पक्षी कशाला, मी विचारलं नाही.

जुनीवरचं गोणपाट काढलं.
पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं: खुळखुळ नाही.
चौकटीच्या सांध्यांवर नख फिरवलं: तडा नाही,
एका ठिकाणी वेल्डिंग, पण मनापासून केलेलं.
किल्ली. पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा धरली.

इचलकरंजीत बाप जॉबर होता.
चाळीस माग एकदम धडधडत असताना
एकाचा धोटा अडखळला तर
त्याच्या हातातला घास थांबायचा.
वारसा म्हणून तेवढा कान मिळाला मला.
मी डोळे मिटून ऐकलं. घास थांबला नाही.

मग मुसब्बहनं पक्ष्याला अलगद
हँडलवर बसवलं, इंजिन चालू असतानाच.
नखं घट्ट झाली. मान एकदा वळली.
आणि मग, काय सांगू, तो तिथं बसून राहिला,
बाजारातून परतणारा म्हातारा
ओळखीच्या बैलगाडीत बसतो तसा.
"हीच," मुसब्बह म्हणाला.
गुलरेज आत जाऊन चहा ढवळत बसला, मोठ्या आवाजात.

पैसे मोजताना त्यानं विचारलं,
"जानेवारीत राखीव रानाचा परवाना आहे. येतोस शिकारीला?"
म्हटलं, आमच्यात चालत नाही. मुंगीसुद्धा.
"मग मला फसवायचं सोडून
चांगली का काढून दिलीस?"

चाळीस किलोमीटर आत ही बंद पडली असती,
तर तू फोन करून कुणालातरी बोलावला असतास.
पण तो वर सोडलेला पक्षी
कुणाच्या हातावर उतरला असता?
एवढं मोडक्या हिंदीत जमवलं.
बाकीचं जमलं नाही.

निघायच्या आधी एअर फिल्टर काढला.
तळहातावर आपटला, लाल पीठ सांडलं.
आमची आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची
आणि फडक्यावर उरलेले न दिसणारे जीव
परत विहिरीत सोडून यायची,
उन्हातान्हात, पदराखाली भांडं धरून.

मी वाळू वाळूत टाकली.
फिल्टर लावला. क्लिप दोनदा तपासली.