पान एकसष्ट

पुंता अरेनासचा वारा असा, की
वाचनालयाचं दार दोन हातांनी ओढावं लागतं.
रायेन ते खांद्यानं ढकलते,
दप्तरातली जाडजूड चित्रकादंबरी टेबलावर ठेवते.
नऊ दिवस उशीर.

मुखपृष्ठावर निळ्या केसांची मुलगी,
कपाळभर पुटकुळ्या,
चित्रकर्तीनं एकही लपवलेली नाही.

मी पानं तपासते, नियमच आहे:
फाटलं का, कोको सांडला का.
एकसष्टाव्या पानावर ती न्हाणीघरात,
फरशीवर, गुडघे पोटाशी.
डोक्यावर बोलण्याचा फुगा. रिकामा.
म्हणजे, होता रिकामा.
आता आत शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत:
नळ सोडून ठेव. मग बाहेर ऐकू जात नाही.

खोडरबर माझ्या हातातच. तोही नियम.
रायेन खिडकीबाहेर बघत राहते,
सामुद्रधुनीत एक होडी जागच्या जागी उसळतेय.
माझ्या वयाच्या मुलींना मिळाली ती पुस्तकं
शेवटच्या पानावर लग्न लावून द्यायची.
न्हाणीघर कुठल्याच घराला नसायचं.

"दुसरा भाग?"
"पुएर्तो मोंतहून निघालाय. बोट अडकलीय."
"त्यात दार उघडतं का कुणी?"
"मला माहीत नाही गं."

खोडरबर खणात टाकते.
नव्या तारखेचा शिक्का मारते,
पुस्तक परत तिच्याकडेच सरकवते.
"साडेसातपर्यंत असते मी इथं," म्हणते,
आणि मग, उगाचच,
"हीटरही चालू असतो."