गंज कुठला, धूळ कुठली

कुडचड्याला, बाजाराच्या मागे,
कायतान मेस्ताने सायकल उलटी केली
तेव्हा चेनकव्हरातून पसाभर लाल माती पडली.
बोटांत चुरून तो म्हणाला,
"हा गंज न्हय, बाय. ही खाण."

पपा काट्यावर होते.
भरलेला ट्रक चढला की आकडा,
रिकामा परतला की आकडा,
भरल्यातून रिकामं वजा.
एवढंच गणित, एकोणतीस वर्षं,
आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत तांबडे होऊन घरी.

कायतानचं म्हणणं, अ‍ॅसिडात बुडवू, रातभरात नवी.
मडगावला भट्टीतला रंग मिळतो, हवा तो.
आसगावच्या हॉटेलवाल्याला त्याने तीन दिल्यात अशा,
भिंतीवर टांगायला, टोपलीत झाड लावून.
मी म्हटलं, चालली पाहिजे.
आणि दिसली पाहिजे आहे तशीच.
केस न रंगवणाऱ्या बाईकडे बघतात
तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मग रोज चारनंतर मी त्याच्या स्टुलावर.
रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश,
रिमवर ओल्या चांदीच्या कागदाचा बोळा.
छर्रे नवे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा.
ब्रेकची रबरं नवी.
सीटचं चामडं तेल पीत राहिलं
चिंचेच्या झाडाखाली झोपून उठलेल्या माणसासारखं, न बोलता.
सुटा गंज पुसायचा,
घट्ट बसलेल्यापाशी थांबायचं.
नेमकं कुठे, ते बोटांना तिसऱ्या दिवशी कळतं.
मडगार्डवर सोनेरी रेघ निघाली, केसाएवढी.
बिल्ल्यातला पक्षी मात्र अर्धाच,
पाय आहेत, चोच नाही.

शुक्रवारी दांडी पुसताना
हाताला गुळगुळीत लागलं.
वीतभर जागा, रंग नाही, गंजही नाही,
जुन्या विळीच्या पात्यासारखं काळसर लोखंड.
"इथे बसायची तू," कायतान हसला.

मी कॅरियरवर बसायचे.
दोन्ही पाय एका बाजूला, दप्तर मांडीवर,
पपांचा शर्ट मुठीत.
आणि आई तर सायकल आडवी आली तरी
दुसऱ्या दाराने जायची.

कंपनीने जुन्यात काढली तेव्हाचीच झीज असेल, मी म्हटलं.
कायतानने चष्मा कपाळावर घेतला,
कडेवर नख फिरवलं.
आधी काळा, कंपनीचा. त्यावर हिरवा.
हिरवा मारला पपांनीच,
मी पहिलीत होते, माझ्या फ्रॉकलाही लागलेला.
झीज त्या हिरव्यातून आरपार गेलेली.

नदीकडून बार्जचा भोंगा यायचा पूर्वी या वेळी.
आता खाण बंद, भोंगा नाही,
कायतानला नुसता पंपाचा आवाज करावा लागला.
"इथे तरी थोडा रंग लावूया मगो?"
त्याने हळू विचारलं,
फाटकी पिशवी झाकून द्यावी तसं.

मी जवसाचं तेल मागितलं.
फडक्याचं टोक बुडवून
तेवढ्या वीतभर जागेवर फिरवलं,
एकदा, आणि मग आणखी एकदा.
कोणीतरी इथे खूप दिवस बसलं होतं.
वजन किती, ते काट्याच्या वहीत नाही.

साडेअकराशे झाले. रंगाचे त्याने धरले नाहीत.
सावर्ड्याच्या पुलावर चढ लागला तशी
सीट कुरकुरली, चेन गप्प राहिली,
आणि मी एका हाताने चालवून बघितली.
ब्रेक अजून उजवीकडे थोडा ओढतो.